मोजणीचा नकाशा आणि पोटातली गाठ

गावात जमिनीची मोजणी लागली की काय होते, ते वाचकांना सांगायला नको. मोजणीदार नकाशा घेऊन बांधावर येतो, पण नुसता नकाशा उघडला म्हणून हद्द कळत नाही. आधी जुना हद्दीचा दगड शोधावा लागतो, विहीर पाहावी लागते, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा पक्की करावी लागते. कागदावरची खूण आणि जमिनीवरची खूण एकमेकीवर बसली तरच पुढची मोजणी खरी. एक दगड जरी सरकलेला असला, तरी सगळी हद्द सरकते आणि सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. नकाशावर केसभर दिसणारी चूक रानात किती गुंठे खाते, ते ज्याचे गेले त्यालाच ठाऊक.

आज हे मांडायचे कारण मात्र जमीन नव्हे, कॅन्सरचे ऑपरेशन आहे. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यांत आता दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने कॅन्सरची गाठ काढतात. जुन्नर, भोर, इंदापूरकडची माणसेही त्यासाठी पुण्याला जातात. "पोट फाडायचं नाही, चार भोकं पाडायची, आठ दिवसांत माणूस घरी," एवढे सगळ्यांना माहीत झाले आहे. लोकांना वाटते, करामत सगळी यंत्राची. पण त्या टेबलाशी उभ्या असलेल्या सर्जनपुढे प्रश्न असतो तो मोजणीदाराचाच. आधी काढलेला स्कॅन हा नकाशा, समोर भूल देऊन झोपवलेला माणूस ही जमीन, आणि दोन्ही एकमेकांवर बसवायचे. ही जुळणी ज्या स्कॅनवर होते, त्याची मूळ प्रत आपल्या रुग्णाच्या हाती बहुतेक वेळा पडत नाही, आणि पडली तर घरात ती कोणी जपत नाही. मी डॉक्टर नाही, शेतकीची पदविका घेऊन गावोगाव फिरणारा माणूस आहे. पण हा विषय निम्मा दवाखान्याचा आणि निम्मा गावाचा आहे. त्या गावाच्या निम्म्यासाठी हा लेख.

दुर्बिणीत बोटे नसतात

पोट उघडून ऑपरेशन होते, तेव्हा सर्जनचे डोळे आणि बोटे दोन्ही कामाला असतात. गाठ आत खोल असली तरी अवयव दाबून पाहिला की टणकपणा कळतो, जसा आपण दाबून आंबा पिकला की नाही ते सांगतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बोटांचा हा उपयोग जवळजवळ संपतो. लांब दांड्याच्या चिमट्याने स्पर्श नीट कळत नाही. कॅमेरा चित्र मोठे करून दाखवतो, पण दाखवतो तो फक्त वरचा पृष्ठभाग. यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या आत दोन बोटे खोल बसलेली गाठ कॅमेऱ्याला दिसत नाही. रान हिरवेगार दिसते आणि हुमणी मुळाशी असते, तसलाच प्रकार.

बोटे गेली, त्यांची जागा चित्राने भरून काढायची. म्हणून भोक जितके लहान, तितकी स्कॅनवरची भिस्त मोठी. गाठ अमुक जागी आहे, तिच्यापासून मोठी रक्तवाहिनी इतक्या अंतरावर आहे, कापताना गाठीभोवती चांगल्या भागाची एवढी कड सोडायची आहे, हे सगळे आधी नकाशावर ठरते आणि मग शरीरात शोधावे लागते. बहुतेक ठिकाणी ही जुळणी सर्जन अनुभवाच्या जोरावर डोक्यातच करतो. काही ऑपरेशनांत आता संगणक ती करून पडद्यावर दाखवतो.

नकाशे चार, शरीर एक

सीटी स्कॅनचे यंत्र ज्याने बनवले तो गॉडफ्रे हाऊन्सफील्ड हा इंग्लंडमधला शेतावर वाढलेला माणूस. लहानपणी शेतावरची यंत्रे खोलून बघायची त्याला खोड. त्याच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ साली लंडनच्या दवाखान्यात पाहिला गेला आणि १९७९ साली त्याला ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पावाचे काप करावेत तसे शरीराचे पातळ काप चित्रात पाहायचे, ही त्याची युक्ती.

आज कॅन्सरच्या रुग्णाचे एकच चित्र काढून भागत नाही. सीटीवर हाडे, फुप्फुस, रक्तवाहिन्या चांगल्या दिसतात. एमआरआयवर मऊ भागांतला फरक चांगला कळतो. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी केलेली साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी तणासारख्या, खत टाकले की आधी त्याच उचलतात, म्हणून त्या जागा उजळ दिसतात. अर्थात उजळ दिसले ते सगळे कॅन्सर नव्हे, क्षयाची गाठही तशीच दिसू शकते. चौथी सोनोग्राफी. तिचे चित्र अंधूक, पण ते त्या क्षणाचे, चालू चित्र.

एकाच गटाचा सातबारा, मोजणीचा नकाशा, माती परीक्षणाचा अहवाल आणि उपग्रहाचे छायाचित्र असे चार कागद असावेत, तशी ही चार चित्रे. प्रत्येकात काही आहे, कोणा एकात सगळे नाही. ती एकमेकांवर बसवायची तर अडचण अशी, की सीटीवर हाड पांढरे दिसते आणि एमआरआयवर तेच काळे. रंगाला रंग जुळवायला गेलो तर फसगतच. १९९५ च्या सुमारास बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी यावर एक गणिती तोड काढली. रंग कोणताही असो, एका चित्रात जिथे बदल होतो तिथे दुसऱ्यातही बदल होतोय का, एवढेच संगणकाने पाहायचे, आणि सगळ्यांत जास्त मेळ बसेपर्यंत एक चित्र दुसऱ्यावर सरकवत राहायचे. एका नकाशात ऊस हिरवा रंगवला आणि दुसऱ्यात पिवळा, तरी उसाची कड दोन्हीकडे एकाच जागी येणार, असे ते तत्त्व आहे.

दुसरी तोड त्याहून सरळ. दोन्ही चित्रे एकाच बैठकीत काढायची. पेट आणि सीटी एकत्र असलेले पहिले यंत्र १९९८ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात बसवले गेले. रुग्ण एकाच पाटावर, त्याच स्थितीत झोपलेला, त्यामुळे जुळणीची निम्मी कटकट मिटली. आज पुण्यात 'पेट-सीटी' म्हणतात ते हेच.

शरीर म्हणजे खडक नव्हे

इथवर जमिनीची उपमा चालते. पुढे ती थोडी तोकडी पडते, कारण जमीन जागची हलत नाही, शरीर हलते.

मेंदू कवटीच्या पेटीत बंद असतो. कवटीवरच्या ठरावीक खुणा धरल्या की नकाशा बराच पक्का बसतो, म्हणून मेंदूच्या ऑपरेशनात संगणकाची वाट दाखवणी सर्वांत आधी रुळली. तिथेही कवटी उघडल्यावर मेंदू थोडा खाली बसतोच. यकृताचे तर विचारूच नका. श्वासाबरोबर ते सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वरखाली होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, त्याने त्याचा आकारही बदलतो. स्कॅनच्या वेळी पोट फुगवलेले नव्हते. म्हणजे नकाशा उन्हाळ्यातला आणि मोजणी तुंबलेल्या वावरात, अशी गत. म्हणून जाणते सर्जन सोनोग्राफीचा छोटा खटका थेट यकृतावर टेकवून गाठीची जागा पुन्हा पडताळतात.

फुप्फुसाची तऱ्हा आणखी वेगळी. सीटी काढताना "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणतात, तेव्हा फुप्फुस भरलेले असते. ऑपरेशनात त्याच बाजूच्या फुप्फुसातली हवा काढून ते मिटवतात. भाताएवढ्या किंवा वाटाण्याएवढ्या गाठीची जागा मग कुठल्या कुठे जाते. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी सीटीखालीच गाठीशी बारीक तार अडकवतात किंवा रंग टोचतात.

ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी गावठाणाची ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली आणि २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडवण्याआधी मिळकतींच्या कडेने चुन्याच्या खुणा करतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ही तार आणि हा रंग कशासाठी ते लगेच कळेल. आकाशातून दिसेल अशी खूण जमिनीवर आधी असावी लागते, तशीच चित्रात आणि शरीरात दोन्हीकडे सापडेल अशी खूण गाठीपाशी लागते.

प्रोस्टेटच्या तपासणीतही आता एमआरआय आणि चालू सोनोग्राफी एकमेकांवर बसवून नेमक्या संशयित जागेचा तुकडा काढतात. यकृत आणि किडनीच्या ऑपरेशनात पडद्यावर रंगीत गाठ उमटवून दाखवण्याचे काम मात्र अजून वाढत्या वयात आहे. पडद्यावर लाल ठिपका दिसतो म्हणजे गाठ तिथेच आहे असे नव्हे. तो संगणकाचा अंदाज असतो आणि त्यात काही मिलिमीटरांची, कधी जास्तही, फरकाची जागा असते.

लहान भोक म्हणजे भले ऑपरेशन?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि तीही पुण्याशी जोडलेली आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून मोठे ऑपरेशन करण्याची एक पद्धत जगाच्या वैद्यकीय लिखाणात 'पुणे टेक्निक' या नावाने नोंदली आहे. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव मांडला. आपल्या शहराचे नाव जगात गेले, याचा अभिमान वाटावा असेच ते काम.

पुढे २०१८ साली अनेक देशांतल्या ६३१ बायकांची एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. त्यांत कोणाचे ऑपरेशन पोट उघडून आणि कोणाचे दुर्बिणीतून किंवा रोबोटने, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कॅन्सरमध्ये साडेचार वर्षांनी रोग न उलटता राहिलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. असे का झाले यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, पण या ऑपरेशनासाठी पोट उघडण्याची जुनी रीत पुन्हा पुढे आली. उलट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये २००४ साली अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या तुलनेत तीन वर्षांनी दोन्ही रीतींचा निकाल जवळजवळ सारखाच निघाला होता.

याचा अर्थ दुर्बीण वाईट असा नाही, आणि चांगली असाही सरसकट नाही. एकच औषध सगळ्या पिकांना मारत नाहीत. कोणत्या अवयवाला काय, हे वेगवेगळे आहे. तेव्हा "आम्हाला भोकाचंच ऑपरेशन करा" असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये. "या जागेच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीचा निकाल पोट उघडण्याइतका चांगला आहे का? गाठ नेमकी कशी शोधणार? स्कॅन किती दिवसांचा आहे?" हे तीन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. चांगला डॉक्टर त्यांनी रागावत नाही.

गावात कुठे अडते

आता आपल्या बाजूचे. रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी सीटी काढतो. हाती येतात दोन-चार काळ्या फिल्मा आणि टाईप केलेला कागद. स्कॅनमध्ये शेकडो पातळ काप असतात, फिल्मवर त्यांतले निवडक, टपाल तिकिटाएवढे करून छापलेले. त्या फिल्मवर डॉक्टर रोगाचा अंदाज घेईल, पण संगणकाला त्यावर जुळणी करता येत नाही. त्याला लागतात सगळे मूळ काप, डिजिटल स्वरूपात, म्हणजे सीडीवर किंवा पेन ड्राईव्हवर. सातबाऱ्याची अंधूक झेरॉक्स घेऊन खरेदीखत होत नाही, तसेच हे.

माझ्या कामाच्या भागातल्या एका अल्पभूधारक शेतकऱ्याचे उदाहरण आहे. किडनीत गाठ निघाली. पुण्याच्या सर्जननी सीडी मागितली. स्कॅन सेंटरवाल्यांनी, इथे नाव घेत नाही, "आम्ही फिल्म दिली, आता डाटा राहिला नाही," असे सांगितले. पुन्हा सीटी, पुन्हा शिरेतून औषध, पुन्हा दोन हेलपाटे आणि मध्ये वीसेक दिवस गेले. दुभती गाय विकली ती या दुसऱ्या खेपेला. ऑपरेशन नीट झाले, माणूस हिंडतो-फिरतो आहे. पण गाय गेली ती रोगामुळे नव्हे, एका सीडीपायी.

काही वेळा दुसरा स्कॅन लागतोच, हे मान्य. पहिला फार जुना असेल, काप जाड असतील किंवा शिरेतून औषध न देता काढलेला असेल, तर सर्जन नवा मागणार, आणि ते रुग्णाच्याच हिताचे. गाठ वाढते, औषधाने आक्रसते, मग जुना नकाशा कामाचा राहत नाही. पण अशा वेळीही जुना स्कॅन शेजारी ठेवून गाठ किती बदलली ते पाहावे लागते. म्हणून जुना म्हणून फेकायचा नाही.

सेंटरवाले म्हणतील, सीडीचा खर्च कोण देणार? अहो, एका मोठ्या फिल्मपेक्षा सीडी स्वस्त पडते. आणि हा उपकाराचा प्रश्न नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात असे आहे. आपल्याला मागायचे माहीत नाही, म्हणून मिळत नाही, एवढेच.

शासनाकडेही मागणे आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कॅन्सरचे उपचार त्यात आहेत. ज्या स्कॅनचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, त्याची मूळ डिजिटल प्रत रुग्णाच्या हाती दिल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. ठिबकचे अनुदान देताना आम्ही शेतात जाऊन संच पाहतो, फोटो जोडतो, मगच पैसे सुटतात. मग माणसाच्या स्कॅनला एवढी साधी अट का नको?

पहिली पायरी विसरू नये

यंत्रांचे कौतुक करताना एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कॅन्सरचे आणि त्यातल्या मृत्यूंचे प्रमाण कमी होते, हे जगाला त्या अभ्यासाने दाखवले. ज्वारी काढणाऱ्या बायकांनी दिलेला हा पुरावा आहे. त्या टप्प्यावर रोग सापडला तर पुष्कळदा मोठ्या ऑपरेशनाची पाळीच येत नाही. तपासणी शिबिराची दवंडी फिरली की "मला काय झालंय" म्हणून घरी बसणे सोडले पाहिजे.

ज्या घरात कॅन्सर निघालाच आहे, त्यांनी मात्र एवढे करावे. स्कॅन काढण्याआधीच सेंटरला सांगावे की फिल्मबरोबर सीडी हवी. घरी आणल्यावर तिच्यावर नाव, तारीख आणि कुठल्या भागाचा स्कॅन ते लिहावे, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून तिची एक नक्कल पेन ड्राईव्हवर करून घ्यावी. सीडी उन्हात, चुलीजवळ किंवा खताच्या गोणीवर ठेवू नये. सगळे स्कॅन तारखेने लावून एकाच पिशवीत ठेवावेत आणि डॉक्टर बदलला तरी सगळी पिशवी न्यावी.

गावच्या कारभाऱ्यांनाही यात काम आहे. आशाताई आणि आरोग्यसेविका रुग्णाला पुण्याला पाठवताना कागद तपासतात, त्या यादीत "सीडी घेतली का" ही एक ओळ वाढवावी. ग्रामपंचायतीच्या संगणकावर दाखले निघतात, तिथेच गरजू घरातल्या सीडीची नक्कल, रुग्णाच्या परवानगीने, काढून त्याच्या हाती द्यावी. पंचायतीने ती स्वतःकडे ठेवू नये, कारण कोणाला काय रोग आहे हा गावाच्या चर्चेचा विषय नव्हे. यासाठी वेगळा निधी लागत नाही, की वरून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा एक विषय घेतला तरी पुरे.